संपतला विंच घ्यायचा होता

राहू गावच्या संपतला विंच घ्यायचा होता, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोच्या आधी गावाला कळली. चूक त्याचीच. सोसायटीच्या ओट्यावर बसून त्यानं एकदाच विचारलं, "विंच कुठला चांगला असतो रं?" झालं. त्या दिवसापासून ज्याच्या घरी सायकलसुद्धा नव्हती, तोही संपतला रस्त्यात अडवून विंचाचं ज्ञान पाजू लागला.

विंच म्हणजे तसं फार काही नाही. ट्रकच्या पुढच्या बाजूला बसवायचं एक रीळ, त्यावर गुंडाळलेला दोर आणि दोराच्या टोकाला आकडा. आकडा फसलेल्या ट्रॉलीला अडकवायचा, बटण दाबायचं, की रीळ दोर गुंडाळत ट्रॉलीला सावकाश ओढून आणतं. हिसका नाही, आदळआपट नाही. एवढंच ते यंत्र. पण ते निवडायला बसलं की चांगला बारावी शिकलेला माणूस येडबडतो, हे संपतला आता कळत होतं.

त्याच्याकडे मिलिटरीच्या लिलावातून आणलेला एक जुना ट्रक होता. चारही चाकांना ताकद, उंच, बेढब, डिझेल पिणारा. गाव त्याला रणगाडा म्हणायचं. ऊसतोडीच्या दिवसांत नदीकाठच्या काळ्या रानात उसाच्या ट्रॉल्या फसायच्या, ट्रॅक्टर जागच्या जागी चाकं फिरवत खड्डा करायचे, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "संपतला फोन लावा." भीमेकाठापासून घोडनदीपर्यंत, दौंड आणि शिरूर दोन्ही तालुक्यांत त्याला मान होता. ट्रॉली साखळीनं ओढायची. साखळी ट्रकच्या मागं अडकवायची, थोडी सैल ठेवायची, आणि एकदम हिसका द्यायचा. एका हिसक्यात नाही निघाली तर दुसरा. दुसऱ्यात नाही तर तिसरा.

मागल्या साली इनामगावात, घोडनदीच्या काठाला, तिसऱ्या हिसक्याला साखळीचा आकडा तुटला. तुटून जो उडाला तो दत्ताच्या उजव्या पायावर, गुडघ्याच्या खाली बसला.

दत्ता म्हणजे संपतच्या धाकट्या बहिणीचा, सुवर्णाचा नवरा. रान त्याचंच होतं, ऊस त्याचाच. शेती करून तो रांजणगावला एका कारखान्यात क्रेन चालवायचा. आठ महिने तो अंथरुणावर होता. पायात सळई घातली. आता चालतो, पण पाय ओढत. कंपनीनं क्रेनवरून काढून त्याला गेटवर खुर्ची दिली. कंपनीच्या बसची पायरी चढताना त्याला दोन्ही हातांनी दांडा धरावा लागतो, हे संपतनं एकदा लांबून पाहिलं होतं आणि तो तसाच मागं फिरला होता.

त्या दिवसानंतर सुवर्णा माहेरी आली नाही. भाऊबीजेला नाही, आईच्या वर्षश्राद्धाला नाही. फोन केला तर उचलायची, "बरं हाय" म्हणायची आणि ठेवायची. संपतला एक गोष्ट मात्र कधीच उलगडली नव्हती. हिसका द्यायच्या आधी त्यानं आरशात पाहिलं होतं. दत्ता लांब, बांधावर उभा होता. मग तो साखळीपाशी आला कसा? हे विचारावं तर कुठल्या तोंडानं? ज्याच्या हिसक्यानं पाय गेला त्यानंच विचारायचं, तुम्ही तिथं कशाला आला होता?

आणि आता यंदा दत्ताचाच फोन आला. "संपतराव, तोड आलीया आमची. पंधरा तारखेच्या आसपास टोळी उतरंल. कालव्याला पानी सुटलंय, खालचं रान पार लोण्यागत झालंय. रणगाडा लागंल."

संपत काही बोलणार तोच पलीकडं फोन हिसकावल्याचा आवाज झाला.

"दादा, साखळी घिऊन माझ्या रानात पाय ठेवू नगंस," सुवर्णा म्हणाली. "काय दुसरं आणायचं ते आण. पुन्हा एखाद्याला इजा झाली ना, तर मला भाऊच न्हाई असं समजीन मी."

फोन बंद झाला. पंधरा तारखेला बारा दिवस होते.

म्हणून विंच. आणि म्हणून हा घोळ.

पहिला सल्ला मारुतराव आप्पांचा. मारुतराव सोसायटीचे चेअरमन. सल्ला देणं हा त्यांचा हक्कच होता. "सगळ्यात मोठा घे," ते म्हणाले. "वीस हजार पाउंडाचा. एकदा घ्यायचा तर तोलामोलाचा घ्यावा."

"आप्पा, पाउंड म्हंजी किती टन?"

"टनच म्हण की. काय फरक पडतोय?"

फरक पडत होता. संपतच्या बायकोनं, अनुपमानं, मोबाईलवर हिशेब करून सांगितलं की वीस हजार पाउंड म्हणजे नऊ टन. डबल ट्रॉलीत ऊस असतो वीस टनांच्या आसपास. म्हणजे सगळ्यात मोठा विंचसुद्धा अर्ध्याला पुरत नव्हता. मग लोक ओढतात तरी कसे? संपत रात्रभर कूस बदलत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो शिरूरला सत्यजीतच्या दुकानात गेला. सत्यजीत सत्तावीस वर्षांचा, जीप घेऊन डोंगरदऱ्यांत फिरणाऱ्या पोरांना सामान विकायचा. दुकानात विंच ओळीनं मांडलेले, काळे कुळकुळीत.

"भाऊ, तुम्हाला ट्रॉली उचलायची नाहीये, ओढायचीय," सत्यजीत म्हणाला. "चाकावरचं वजन ओढायला फार कमी जोर लागतो. चिखलात जास्त लागतो. किती फसलंय त्यावर आहे."

"मंग कितीचा घिऊ?"

"गाडी किती व्होल्टची?"

संपत बाहेर जाऊन ट्रकचं झाकण उघडून बघून आला. "दोन बॅटऱ्या हायेत."

"एकापुढं एक जोडल्यात का शेजारी-शेजारी?"

"शेजारीच ठेवल्यात की. एकमेकींवर कशा ठेवतील?"

सत्यजीतनं स्वतः जाऊन पाहिलं. चोवीस व्होल्ट निघालं. बारा व्होल्टचा विंच बसवला असता तर पहिल्याच दिवशी जळून कोळसा झाला असता, असं त्यानं सांगितलं. संपतला दरदरून घाम फुटला, कारण कालपर्यंत तो बारा व्होल्टच्याच एका विंचाचा फोटो बघत होता. मग सत्यजीत म्हणाला की लिहिलेली ताकद मिळते ती रिळावर दोराचा शेवटचाच थर उरला असेल तेव्हा. भरलेल्या रिळावर ती बरीच कमी होते. मग त्यानं तेलाच्या दाबावर चालणारे विंच दाखवले. मग दोर दाखवले. एक पोलादी वायरीचा, एक जाड नायलॉनसारखा, हाताला मऊ. वायर चिखलादगडात टिकते, पण तुटली की मारते. मऊ दोर घासून खराब होतो, पण तुटला तर तिथंच गळून पडतो.

"मंग वीस हजार पाउंडाचाच दे," संपत शेवटी वैतागून म्हणाला.

"त्याचं वजन बघा आधी. पुढं बसवला तर चिखलात ट्रकचंच तोंड रुतंल. नाकापेक्षा मोती जड."

संपत घरी आला तो जाताना होता त्याच्या दुप्पट गोंधळून. एक ना धड, भाराभर चिंध्या.

तिसरा सल्ला हौसराव आबांचा. हौसरावांनी तीस वर्षं विहिरींवर यारी चालवलेली. यारी म्हणजे विहिरीतला मुरूम-दगड बादलीनं वर काढणारं यंत्र. त्यालाही रीळ आणि पोलादी दोर असतो. त्यामुळं दोर हा विषय निघाला की हौसराव दुसऱ्याला बोलू देत नसत. संपतनं सत्यजीतकडून आणलेला मऊ दोराचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा केला, वास घेतला.

"हे काय? लेंग्याची नाडी हाय व्हय?"

"आबा, ती पोलादापेक्षा चिवट असती म्हणं."

"लोखंड ते लोखंड. आन् हे बघ, तुझं यंत्र लहान आसंल तरी चालतंय. ट्रॉलीला कप्पी लाव, दोर कप्पीतनं फिरवून माघारी आण. जोर दुप्पट. यारीवर काय आम्ही येडं व्हतो?"

कप्पी! हे कुणीच सांगितलं नव्हतं. सत्यजीतनं खरं तर सांगितलं होतं, पण इंग्रजी नावानं, आणि संपतनं मान हलवली होती. आता लहान विंच आणि कप्पी? की मोठा आणि बिनकप्पीचा? वायर की नाडी? रात्री जेवताना त्यानं अनुपमाला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिनं भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं.

"तुमाला नक्की कशाची भीती वाटती?" तिनं विचारलं.

"चोवीस व्होल्टची," संपत म्हणाला.

तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि उठून गेली. भीती कशाची होती हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा तर ताकाचं भांडंच कुठलं घ्यावं यावर अडून बसला होता.

सात दिवस उरले असताना सत्यजीत स्वतःहून राहूला आला. मारुतरावांची एक ट्रॉली ओढ्याकाठी फसली होती, म्हणाला, चला, माझ्या जीपचा विंच दाखवतो, म्हणजे डोळ्यानं बघाल. बातमी कशी पसरली देव जाणे, पण जीप पोचायच्या आधी चाळीस-पन्नास माणसं बांधावर हजर. बायका डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवून उभ्या. मारुतराव खुर्ची टाकून बसलेले.

सत्यजीतनं मऊ दोर ट्रॉलीला अडकवला, रिमोट हातात घेतला आणि बटण दाबलं. रीळ गुणगुणलं, दोर ताठ झाला. ट्रॉली हलली नाही. हलली ती जीप. सगळ्यांच्या देखत ती ब्रेक लावलेली जीप चिखलावरून सरकत सरकत, नव्या नवरीसारखी मान खाली घालून ट्रॉलीकडं निघाली.

असा हशा पिकला की विचारू नका. "सत्यजीत, ट्रॉली जागीच ऱ्हाऊ दे, तूच जा तिच्याकडं!" मारुतरावांनी हसताना खुर्चीचा हात धरला. सत्यजीत लाल होऊन ओरडत होता, की जीप हलकी आहे, तिला मागं झाडाला बांधायला पाहिजे, हा विंचाचा दोष नाही. कुणी ऐकेना. जीपला मागून बाभळीशी बांधलं आणि पुन्हा बटण दाबलं.

आणि मग ते झालं. दोर ताणला गेला, ट्रॉलीचं चाक चिखलातून बोटभर वर आलं, आणि बांधावरचा एक म्हातारा "यळकोट यळकोट!" ओरडत पुढं धावला आणि त्यानं दोराला हात लावला. त्याच्यामागं दुसरा. मग चार-पाच पोरं, दोन बायका. आपल्याकडं जत्रेत बारा गाड्या ओढतात तेव्हा दोराला हात लागावा म्हणून माणूस माणसावर पडतो. ओढण्यासाठी नव्हे, नुसता हात लागावा म्हणून, हात लावून तोच हात कपाळाला लावण्यासाठी. ताणलेला दोर दिसला की इथल्या माणसाचा हात आपोआप पुढं होतो. त्याला कोण काय करणार?

"सोडा!" संपत ओरडला. "आरं सोडा, लांब व्हा, लांब व्हा!"

तो इतक्या जोरात ओरडला की सत्यजीतनं घाबरून बटण सोडलं. माणसं हसत मागं झाली. "संपत घाबारला रं." संपत लांब जाऊन बांधावर बसला. ट्रॉली थोड्या वेळानं निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सत्यजीतचा चेहरा पुन्हा फुलला. संपतनं त्यातलं काही पाहिलं नाही. मऊ दोर होता म्हणून ठीक. वायर असती तर? आणि आकडा तुटला असता तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो रांजणगावला गेला. पहिली पाळी तीनला सुटते. गेटातून मोटारसायकली भुर्र निघाल्या, मग चालणारे, आणि सगळ्यांच्या शेवटी दत्ता, पाय ओढत. संपतला बघून तो थांबला, मग हसला. दोघं समोरच्या टपरीवर बसले.

"विंच निवडायचाय दाजी," संपत म्हणाला. "डोस्कं काम करीना झालंय. तुम्ही क्रेनवर व्हता, तुम्हीच सांगा."

दत्तानं दोन घोट चहा घेतला. "कुठलाबी घ्या, त्यो ओढणारच. त्यात काय न्हाई. आमच्या शॉपमधी फरशीवर पिवळी पट्टी मारलेली आसती. क्रेननं वजन घेतलं की पट्टीच्या आत कुणी यायचं न्हाई. म्यानेजर आला तरी न्हाई. आपल्या रानात कुठली पट्टी?"

"काल राहूत लोकांनी दोराला हात लावला," संपत म्हणाला. त्याला ते सगळं सांगायचं होतं, पण सांगता सांगता वर्षभर मनात ठेवलेला प्रश्नच बाहेर पडला. "दाजी, त्या दिवशी तुम्ही बांधावर व्हता. मी आरशात बघितलं व्हतं. तुम्ही साखळीपशी कवा आला?"

दत्तानं कप खाली ठेवला.

"आई आली व्हती भाकरी घिऊन," तो म्हणाला. "तुम्ही तिसऱ्यांदा ट्रक पुढं घेत व्हता. तिनं डोईवरची पाटी उतरवली, साखळीपशी गेली, हात लावला आन् डोळं मिटून पाया पडाया लागली. मी धावलो. तिला ढकललं. ती पडली चिखलात, आन् मंग..." त्यानं गुडघ्याखाली हात फिरवला. "समद्यांना वाटलं ती आवाजानं घाबरून पडली."

"सुवर्णाला ठावं न्हाई?"

"न्हाई. आन् सांगू बी नगा. आईला कळलंय का न्हाई तेबी मला ठावं न्हाई. मी कधी विचारलं न्हाई, ती बोलली न्हाई. घरात दोघींचं कसंबसं जमतंय संपतराव. सुवर्णा तुमच्यावर राग धरून हाय, म्हणून ती आईशी नीट वागती. ऱ्हाऊ द्या तसंच."

संपतला काय वाटलं ते त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी सुटल्यासारखं वाटल्याची लाज वाटली. राग आला, कुणाचा ते कळेना. वर्षभर बहिणीच्या शिव्या आपण खाल्ल्या त्या ह्या माणसानं शांतपणे खाऊ दिल्या. पण पाय कुणाचा गेला? आणि हिसका तर आपणच दिला होता. आरशात बांध दिसला, साखळीची बाजू दिसली नाही, तरी दिला. मागं कोण आहे हे दिसत नसताना दिला. तो चहाचे पैसे द्यायचेही विसरला, टपरीवाल्यानं हाक मारून आठवण केली.

पण विंचाचं कोडं मात्र त्या दिवशी सुटलं. किती टन ओढतो, हे विचारणं त्यानं सोडून दिलं. हातात रिमोट असलेला, म्हणजे ट्रकच्या बाहेर उभं राहून दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघता येईल असा. पुढं बसवलेला, म्हणजे आरशात बघायला नको. मऊ दोराचा, म्हणजे तुटला तर गळून पडेल. चोवीस व्होल्टचा, मध्यम, बारा हजार पाउंडाचा, कारण कप्पी होतीच. हौसराव "नाडी, नाडी" म्हणत हसले, पण कप्पी निवडायला स्वतः आले आणि प्रत्येक कप्पीच्या खाचेतून नख फिरवून बघितलं, कुठं धार लागते का. "नाडीला जपावं लागतंय," ते म्हणाले.

सोळा तारखेला इनामगावात दत्ताची पहिली भरलेली ट्रॉली खालच्या रानात फसली. संपत रणगाडा घेऊन हजर होता. ट्रक त्यानं मागून लिंबाच्या बुंध्याला पट्ट्यानं बांधला. दोर कप्पीतून फिरवून आणला, तुटलाच तर उसळू नये म्हणून त्यावर ओलं पोतं टाकलं. मग सुवर्णाच्या घरातून राखेची पाटी मागवली आणि दोराच्या दोन्ही बाजूंना लांब लांब राखेची रेघ ओढली. सुवर्णानं पाटी आणून खाली ठेवली, त्याच्याकडं बघितलं नाही.

"ह्या रेघेच्या आत कुणी यायचं न्हाई," संपत म्हणाला.

टोळीची माणसं, आजूबाजूचे शेतकरी, बायका, सगळे रेघेवर उभे राहिले. कुणी म्हणालं, ही रांगोळी कशाला? कुणी म्हणालं, संपतराव राहूत बी घाबारलं व्हतं म्हणं. त्यानं बटण दाबलं. दोर जमिनीवरून उठला आणि ताणला. लगेच एकजण रेघ ओलांडून आत. "आरं नुसता हात तर लागू दे!" त्याच्यामागं दोघं. संपतनं बटण सोडलं. दोर सैल पडला. ते हसत मागं गेले. त्यानं पुन्हा दाबलं, ते पुन्हा पुढं. दत्ता काठी टेकत ओरडत होता, पण लंगड्याच्या काठीला घाबरणार कोण? "मऊच हाय की दोर," एकजण म्हणाला, "ह्यानं काय व्हतंय?"

संपतच्या जिभेवर आलं. काय होतंय ते सांगता आलं असतं, एका वाक्यात. पण सुवर्णा पाच हातांवर उभी होती. तो रिमोट हातात धरून नुसता उभा राहिला, आणि लोकांना वाटलं याला यंत्र चालवता येत नाही.

तेवढ्यात बांधावरून दत्ताची आई उतरली. कस्तुराबाई. सत्तरीच्या, वाकलेल्या, वर्षभरात रानात पाऊल न टाकलेल्या. त्या राखेच्या रेघेवरून आत आल्या, दोराच्या अलीकडं थांबल्या, आणि लोकांकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"मागं व्हा," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "समदी मागं व्हा. मागल्या साली हितंच मी साखळीला हात लावला व्हता. देव म्हणून. माझ्या लेकानं मला ढकललं म्हणून मी उभी हाय, आन् त्यो असा चालतोय. कुणाला हात लावायचाय त्यानं आधी त्याचा पाय बघावा."

कुणी हललं नाही, मग सगळेच हलले. रेघेच्या मागं, तिच्याही मागं, पार बांधापर्यंत. पुढं आलेल्या माणसानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

दत्तानं मान खाली घातली होती. सुवर्णा सासूकडं बघत होती. मग नवऱ्याकडं. मग संपतकडं, वर्षात पहिल्यांदा. ती पुढं गेली. सासूच्या दंडाला धरलं, जरा जोरातच धरलं, आणि त्यांना एकेक पाऊल चालवत रेघेच्या बाहेर नेलं. बाहेर नेल्यावरही दंड सोडला नाही.

"दादा," ती तिथूनच म्हणाली, "थांबलास का? दाब की."

रिमोटवर दोन बटणं होती, एक दोर गुंडाळायचं आणि एक सोडायचं. कुठलं कुठलं आहे हे संपतला क्षणभर आठवेना. त्यानं डोळे पुसले, दोराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, आणि बटण दाबलं. दोर ताठ झाला. त्याच्याजवळ कुणीही नव्हतं.